दोन घरचा पाहुणा

एकत्र कुटुंबांत सध्यां एक नवीच कुरबूर ऐकूं येते. मुलाची ऑनलाइन परीक्षा चालू असतां वायफाय तुटतें, परदेशीं असलेल्या लेकीशीं आजोबांचें चाललेलें बोलणें अर्ध्यावर राहतें, आणि दोष मात्र घरून कचेरीचें काम करणाऱ्या सूनबाईंच्या माथीं येतो! आमच्या मतें पुष्कळदां दोष माणसांचा नसून मांडणीचा असतो.

महाळुंग्याचेंच उदाहरण घ्या. मुळेकांठचें हें मुळशी तालुक्यांतील गांव शेजारच्या बालेवाडीसह १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांमुळें सर्वांस परिचित झालें. हिंजवडीच्या संगणक-उद्योगामुळें तेथें उंच इमारती उठल्या, आणि २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. अशा इमारतींच्या सळया घातलेल्या काँक्रीटच्या भिंती बिनतारी लहरी अडवितात. म्हणून आंतल्या खोलीसाठीं लोक दुसरा राउटर आणतात, आणि दुखण्यास तेथूनच आरंभ होतो.

वायफायला जोडतांना फोन घरभर हांक मारून स्वतःसाठीं पत्ता व बाहेरची वाट विचारतो. दोन्ही राउटर उत्तर देऊं लागले, तर ज्याचें उत्तर आधीं येईल त्याच्या मागें तो बहुधा जातो. त्या राउटरास बाहेरची वाट ठाऊक नसली, म्हणजे वायफायचें चिन्ह दिसतें, पण काम चालत नाहीं. आणि थोड्या वेळानें फोन तें जाळें सोडून देतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, तो असा!

उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरास कारभारी न करतां केवळ पूल करावें. त्यासाठीं त्याच्या मांडणींत ‘ॲक्सेस पॉइंट’ ही पद्धत निवडावी. ती नसल्यास त्याचें पत्ते वांटण्याचें काम, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करावें. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्यास १९२.१६८.१.२ असा निराळा, वांटपाबाहेरचा पत्ता द्यावा, आणि पहिल्याकडून येणारी तार त्याच्या ‘लॅन’ पोर्टांत घालावी. साध्या राउटरांमध्यें तार आणि बिनतारी सांधा असे दोन मार्ग एकदम ठेवूं नयेत; निरोप त्या फेऱ्यांत फिरत राहून सारें जाळें ठप्प होतें.

एवढें करूनही वायफायचें चिन्हच सर्व फोनांवरून एकदम नाहींसें होत असेल, तर राउटरच्या अंगभूत आज्ञावलीकडे, म्हणजे ‘फर्मवेअर’कडे, पाहावें. ५ गिगाहर्ट्‌झच्या कांहीं वाहिन्या रडारही वापरतें. त्याची चाहूल लागतांच राउटर ती वाहिनी सोडतो. ३६ ते ४८ यांपैकीं वाहिनी ठेवल्यास हा त्रास टळतो. नवी आज्ञावली उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी आणि ती चढत असतां वीज तोडूं नये. आधींची मांडणी कागदावर उतरून ठेवावी. कारण बदलानंतर कधीं कधीं ती पुसली जाते आणि दुसरा राउटर पुन्हां पत्ते वांटूं लागतो.

कोणास बोल लावण्यापूर्वीं एक संध्याकाळ दुसरा राउटर बंद ठेवून पाहावा. तेवढ्यानें तक्रार थांबली, तर अपराधी सांपडला असें समजावें. आणि सूनबाईंस तसें मोकळेपणानें सांगावेंही.