नक्शा आपल्याही हातात हवा

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले जातात आणि लगेच प्रश्न सुरू होतात. सायन्स की कॉमर्स? ज्याला ऐंशी टक्के तो सायन्सला, ज्याला साठ तो कॉमर्सला. आणि त्याहून कमी असतील तर कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, "आयटीआयला टाका." टाका! जणू पोरगं म्हणजे रद्दी आहे. मला 71 टक्के होते. मी स्वतःहून आयटीआयचा फॉर्म भरला, स्थापत्य आरेखक म्हणजे ड्राफ्ट्समन सिव्हिल हा ट्रेड पहिल्या पसंतीला टाकला, तेव्हा घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

आज मी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात काम करते. त्या अनुभवावरून माझं म्हणणं एवढंच आहे: बांधकामाच्या धंद्यात आपली माणसं भरपूर आहेत, पण ती सगळी हातांच्या बाजूला आहेत. इमारत जिथे आखली जाते, मोजली जाते, मंजूर होते, त्या कागदाच्या बाजूला आपण फार थोडे आहोत. हे अंतर ओलांडायला लाखो रुपयांचं डोनेशन लागत नाही. दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा, एवढ्यावर सुरुवात होते. तरीही आपण त्याकडे नापासांची सोय म्हणून बघतो.

माझे अब्बा मिरजेत सळई बांधायचं काम करतात. आमच्या गल्लीत सेंट्रिंगवाले आहेत, गवंडी आहेत, फॅब्रिकेशनवाले, प्लंबर, फरशीवाले आहेत. एक अख्खी इमारत उभी करता येईल एवढी माणसं एका गल्लीत, पण तिचा नकाशा काढणारा एकही नाही. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात हेच देशाच्या पातळीवर दाखवलं होतं. मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणात असंघटित क्षेत्रात आणि छोट्या स्वयंरोजगारात आहे. हुनर आहे, पण त्या हुनराचा कागद नाही.

कागद नसल्याने काय होतं ते सांगते. 12 एमएम जाडीची, 12 मीटर लांबीची एक सळई साधारण पावणेअकरा किलो भरते, हे अब्बांना तोंडपाठ. कसं, ते माहीत नव्हतं. आयटीआयमध्ये सरांनी सूत्र सांगितलं: सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले 162. बारा बारे 144, भागिले 162, म्हणजे मीटरला 0.89 किलो. मी घरी येऊन वहीत करून दाखवलं. अब्बा हसले. "इत्ता आसान था?" मग थोडा वेळ गप्प बसले. सळईकामाची मजुरी टनावर ठरते. किती टन लागलं ते नकाशावरून, बार बेंडिंग शेड्यूलवरून काढतात. वीस वर्षं ते वजन दुसऱ्याने सांगितलं आणि अब्बांनी मान डोलावली. कुणी फसवलंच असेल असं मी म्हणत नाही. पण तपासायची ताकद त्यांच्याकडे नव्हती, आणि हे समोरच्यालाही माहीत होतं.

दुसरी गोष्ट पैशाची नाही. आमच्या घराला पुढे गॅलरी होती. अब्बा आणि चाचांनी मिळून घर बांधलं तेव्हाची, नकाशाशिवाय बांधलेली. पहिल्या वर्षी वर्गात आम्हाला छज्जाचा छेद काढायला दिला. सरांनी फळ्यावर लिहिलं: मुख्य सळई वर. साध्या स्लॅबला दोन्ही बाजूंना आधार असतो. तो मधे खाली वाकायला बघतो, म्हणून ताण खालच्या अंगाला येतो आणि सळई खाली लागते. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते. ती टोकाला खाली झुकते, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो. काँक्रीट दाब सहन करतं, ताण नाही. तो सळईने घ्यायचा असतो. शिवाय ती सळई आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी खोल जायला हवी. शीटवर ही फक्त एक रेघ असते.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन खाली बसून बघितलं. भिंतीला लागून, फरशीच्या सांध्याखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक चीर होती. दरवर्षी सिमेंट भरून ती बुजवली जायची. मी अब्बांना बोलावलं. सळई वर घालायची हे त्यांना चांगलं माहीत होतं, त्यांनी घातलीही होती. पण ती वर टेकवून धरणाऱ्या चेअर घातल्या नव्हत्या आणि काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावरून चालली होती. सळई दबून खाली गेली असणार, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. महिनाभरात इंजिनिअरला दाखवून आम्ही गॅलरी उतरवली. तोडताना सळई खरंच खालच्या बाजूला निघाली. माझी धाकटी बहीण रोज तिथे बसून अभ्यास करायची.

म्हणून कुणी मला विचारलं की दोन वर्षांत असं काय शिकवतात, तर मी आधी ही गॅलरी सांगते. बाकीचंही सांगते. सुरुवात पेन्सिल आणि ड्रॉइंग शीटपासून होते: स्केल, अक्षरं, भूमितीच्या रचना, मग प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन. विटांचे बाँड, पाया, दारं-खिडक्या, जिने. चेन, लेव्हल, थिओडोलाइट घेऊन जमिनीची मोजणी. त्यानंतर कॉम्प्युटरवर ऑटोकॅड, आरसीसीचे तपशील, रस्ते, ड्रेनेज, एस्टिमेट. भारतीय मानकांची ओळख इथेच होते. आयएस 456 नुसार साध्या हवामानात स्लॅबच्या सळईवर 20 मिमी आणि कॉलमच्या सळईवर 40 मिमी काँक्रीटचं कव्हर लागतं, हे तिथे कळतं. साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी खडी लावणारा माणूस नेमकं काय बिघडवतोय, तेही कळतं.

आता वाट कशी जाते ते बघा. या ट्रेडला दहावी पास, गणित आणि विज्ञानासह, एवढी अट आहे. दोन वर्षं पूर्ण केली की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या डिग्रीलाही थेट दुसऱ्या वर्षात. हिशोब करा: दोन अधिक दोन अधिक तीन, सात वर्षं. बारावी करून डिग्रीला जाणाऱ्याला सहा लागतात. एक वर्ष जास्त जातं, पण वाटेत दोन ठिकाणी थांबून कमावता येतं. अब्बा आजारी पडले, घरात लग्न निघालं, तर बारावीनंतर शिक्षण सोडणाऱ्याच्या हातात काही नसतं. इथे मधे थांबलात तरी हातात प्रमाणपत्र असतं, अप्रेंटिसशिप असते, अनुरेखक-आरेखकाच्या सरकारी भरतीला बसता येतं. ज्यांच्या घरची परिस्थिती परवानगी देते त्यांनी दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा घ्यावा. दोन्ही वाटा चांगल्या आहेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, "तीन महिन्यांत ऑटोकॅड" अशा पाट्यांना भुलू नका. ते क्लास कमांड शिकवतात. रेघ कशी मारायची ते येईल, रेघेचा अर्थ येणार नाही. आमच्या ऑफिसात अशी मुलं मुलाखतीला येतात. जिन्याच्या पायरीची उंची किती ठेवशील विचारलं की गडबडतात. सॉफ्टवेअर आज हे आहे, उद्या दुसरं येईल. छेद समजणाऱ्याला ते आठ दिवसांत जमतं.

दुसरी, आपली हद्द ओळखा. आरेखक म्हणजे इंजिनिअर नव्हे. कॉलम किती जाडीचा, त्यात किती सळई, हे डिझाइन पात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचं असतं. आपण ते अचूक कागदावर उतरवतो, चूक दिसली तर विचारतो. डिझाइन स्वतः करायचं असेल तर पुढे शिका, वाट उघडी आहे. पण "तूच काढून दे, इंजिनिअरचे पैसे वाचतील" म्हणणारा नातेवाईक पहिल्या वर्षीच भेटेल. त्याला नाही म्हणायला शिका.

हे मी उगाच सांगत नाही. एप्रिल 2013 मध्ये मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला अनधिकृत इमारत कोसळली, 74 माणसं गेली. ऑगस्ट 2020 मध्ये महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, 16 जण गेले. अशा बातमीनंतर आपण बिल्डरला शिव्या घालतो, नगरपालिकेला घालतो, आणि त्या घालायलाच हव्यात. पण घर घेताना मंजूर नकाशा मागणारे आपल्यात किती? मागितला तर वाचता येणारे किती? पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये चटई क्षेत्राचे आकडे फेकले जातात तेव्हा सोसायटीचे बुजुर्ग एकमेकांकडे बघतात. दर मोहल्ल्यात नकाशा वाचणारी चार पोरं-पोरी असतील, तर त्या मीटिंगचा सूर बदलेल. म्हणून हे शिक्षण मला नोकरीपेक्षा मोठं वाटतं. ते नागरिक म्हणून उपयोगी पडतं.

मुलींबद्दल वेगळं बोलते, कारण मला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागलं ते यावरूनच. "साइटवर जाणार? मर्दांमध्ये?" ड्रॉइंग ऑफिसचं काम बहुतेक टेबलावरचं असतं, हे खरं. आई-बाप याच कारणाने तयार होतात, हेही खरं. पण मी मुलींना सांगेन, साइटवर जा. जी साइट बघत नाही तिची रेघ कच्ची राहते. मी पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा सळई बांधणाऱ्यांनी काम थांबवून बघितलं. तासाभराने त्यातलाच एक नकाशा घेऊन आला, "ये कागज पे क्या लिख्या है, जरा देखो ना." दोन रिंगांतलं अंतर कळत नव्हतं. मी सांगितलं, त्याने बांधलं.

शिकलं की भेदभाव संपतो, असं खोटं मी सांगणार नाही. नाव ऐकून मुलाखत आवरती घेणारी माणसं मला भेटली आहेत. पण तिथून बाहेर पडल्यावर दुसऱ्या दारावर ठेवायला माझ्याकडे शीट्स होत्या. हात रिकामे असते तर मी घरी परतले असते.

आपल्या जमातींना, ट्रस्टना एक सांगायचं आहे. स्टेजवरून आपण गोल घुमटाचा अभिमान सांगतो. त्याचा स्थपती म्हणून कोकणातल्या दाभोळच्या याकूतचं नाव घेतलं जातं. औरंगाबादला डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणाऱ्या मलिक अंबरच्या नहरीचा अभिमान सांगतो. सांगावाच. पण ती कामं मोजमापावर उभी राहिली, नुसत्या अभिमानावर नाही. आज चंद्यातून मशीद, शादीखाना, शाळा बांधताना कमिटी इंजिनिअरचा नकाशा मागते का? की मिस्त्रीच्या अंदाजावर स्लॅब टाकते? कमिटीने दरवर्षी फक्त दोन मुलांची फी, मिनी ड्राफ्टर आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर दिला आणि नववी-दहावीच्या गणिताचा रात्रीचा वर्ग चालवला, तरी दहा वर्षांत गल्ली बदलेल. अंजुमन-ए-इस्लामसारखी संस्था 1874 मध्ये काही माणसांनी शाळेपासूनच सुरू केली होती.

यंदा ज्यांचा निकाल लागेल त्यांनी एवढं करावं. गणित सोडू नका. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, अत्तार अशा ओबीसी यादीतल्या बिरादरीचे असाल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर निकालाआधीच काढायला टाका. दरवर्षी कितीतरी जागा फक्त कागदाअभावी हातच्या जातात. आयटीआयचा प्रवेश ऑनलाइन होतो. पसंतीक्रम भरताना सायबर कॅफेवाल्याला विचारू नका, त्या ट्रेडच्या शिक्षकाला जाऊन भेटा.

अब्बा आता साठीला आले आहेत. गेल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून शेड्यूल वाचायला शिकून घेतलं. आता मजुरी घ्यायला जाताना खिशात हिशोबाचा कागद असतो. गुत्तेदार आकडा सांगतो, अब्बा चष्मा लावतात आणि म्हणतात, "रुको, मैं भी देखता."