माजघरांतील आगगाडी

आमच्या चांदे गांवास आगगाडी नाहीं. मुळशीचा पाऊस भरपूर, मोटारी तर हल्लीं नको तितक्या; परंतु इंजिनाची शिटी ऐकावयाची तर पुण्याची वाट धरावी लागते. तथापि गेल्या वर्षापासून रोज दिवेलागणीच्या सुमारास आमच्या माजघरांतून एक गाडी सुटते. ती बारा व्होल्टच्या विजेवर चालते, आणि जेवणाचीं पानें मांडलीं कीं तिला थांबावें लागतें.

याचें मूळ कोथरुडांत आहे. तेथें श्री. भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. आमचा नातू, वय चौदा, व धाकट्या बंधूंचा नातू, वय नऊ, यांस घेऊन आम्ही तें पाहावयास गेलों. ही आमची पहिली चूक, असें आमच्या कुटुंबाचें मत आहे. परत आल्यावर महिनाभर हट्ट चालला, आणि अखेर सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी एक फळी माजघरांत येऊन स्थिरावली. तिच्यावर लंबवर्तुळाकार रूळ, एक बाजूची मार्गिका, एक स्टेशन, आणि सूनबाईंनीं रंगविलेला पुठ्ठ्याचा डोंगर.

या जातीच्या गाड्या खऱ्या गाडीच्या १/८७ असतात व त्यांच्या दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें, गणित नव्हे. तरी इतका भागाकार आम्हांस येतो. आपल्याकडील रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्यास ८७ नें भागिलें तर एकोणिसांहून किंचित् अधिक येतात, साडेसोळा येत नाहींत. साडेसोळा येतात ते विलायतेच्या १४३५ मिलिमीटर मार्गाचे. म्हणजे आमचें स्टेशन देशी आणि रूळ परदेशी. मुलांना याचें कांहींच वाटलें नाहीं.

पहिली अडचण आली ती वळसा घालून गाडीचें तोंड फिरविण्याच्या हौसेमुळें. या खेळांत एक रूळ धन व दुसरा ऋण असतो, आणि चाकांवाटे वीज इंजिनांत जाते. रूळ वळवून त्याच वाटेस परत आणून जोडला कीं धन रूळ ऋणास भेटतो, आणि विजेची पेटी तत्काळ बंद पडते. त्यावर इलाज आहेत, पण तुकडे वेगळे तोडून स्विच बसविण्याची खटपट आम्हीं टाळली. मुलांना बोरघाटाची गोष्ट सांगितली. १८६३ सालीं घाट खुला झाला, तेव्हांपासून १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ एक उलट फिरण्याचें स्टेशन होतें. तेथें गाडी वळत नसे. इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास जोडीत व गाडी उलट्या दिशेनें पुढें जाई. मुलांना ही युक्ति इतकी आवडली कीं वळशाचा नाद सुटला आणि डोंगराच्या पायथ्याशीं ‘खंडाळा’ अशी पाटी लागली.

श्रावण लागला आणि गाडी अडूं लागली. चार फूट नीट जाई, मग आचका देई व थांबे. बोटानें ढकलली कीं पुन्हां हातभर चाले. थोरल्यानें सांगितलें कीं धाकटा दुपारीं चोरून डबे रुळांवर रेटतो, त्यानेंच बिघाड केला. धाकट्यानें डबे रेटल्याचें कबूल केलें, बिघडविल्याचें केलें नाहीं. अर्धी कबुली म्हणजे पुरा गुन्हा, ही आमची शाळेंतील जुनी खोड. आम्हीं निकाल दिला कीं त्यानें एक महिना गाडीस हात लावूं नये. मुलगा कांहीं बोलला नाहीं. देवघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. त्या रात्रीं त्याच्या आईनें आम्हांस वाढतांना नेहमींचा आग्रह केला नाहीं, आणि बंधु ताकासाठीं न थांबतां पानावरून उठले. एकत्र कुटुंबांत सगळींच भांडणें मोठ्यानें होत नाहींत. कांहीं अशीं पानावर येऊन बसतात.

शिक्षा अंमलांत आली, तरी गाडी अडतच होती. मुलगा दूर आणि दोष जागच्या जागीं! अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आम्हीं किती वर्षें शिकविला. कारण असतां कार्य असणें हा अन्वय, कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक, हें फळ्यावर किती वेळां लिहिलें. आणि घरच्या निवाड्यांत नेमकें तेंच विसरलों. तेव्हां थोरल्यास बरोबर घेऊन एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहण्याचें ठरविलें.

प्रथम वीज मोजली. गाडी उभी असतां सर्वत्र बारा व्होल्ट. परंतु गाडी धांवत असतां दूरच्या टोंकास नऊच. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या सैल पडल्या होत्या. थोरल्यानें दूरच्या रुळांस दोन तारा निराळ्या डाखिल्या, आणि तेथेंही बारांच्या जवळपास वीज पोहोंचूं लागली. गाडी सुधारली, बरी झाली नाहीं. मग इंजिन उलथें करून चष्मा पुसून पाहिलें, तों आंसांभोंवतीं कापसाचे तंतु गुंडाळलेले! आमचें कुटुंब त्याच माजघरांत बसून देवाच्या वाती वळतें. तंतु चिमट्यानें काढले. शेवटीं पांढऱ्या फडक्यानें रूळ पुसला, तों फडकें काळें झालें. आणि तो काळेपणा कोरडा नव्हता, बुळबुळीत होता.

तेव्हां आम्हांस आषाढांतील एक दुपार आठवली. पावसाळी हवेनें रूळ गंजतील या काळजीनें आम्हीं स्वहस्तें शिवणयंत्राचें तेल सर्व रुळांवर चोळलें होतें. वास्तविक हे रूळ लोखंडाचे नाहींतच. ज्या मिश्रधातूचे पेले जुन्या घरांत ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून असत, तोच हा. तांबें, निकेल व जस्त, चांदी औषधालाही नाहीं. त्यास तांबडा गंज कसा चढणार? तेलावर मात्र फोडणीचा धूर, उदबत्तीची काजळी, धूळ, सर्व येऊन बसलें आणि चाकांची वीज तुटली.

तरी खात्री करून घेतली. औषधाच्या दुकानांतून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून चाकें व अर्धेच रूळ पुसले. पॉलिशकागद वापरला नाहीं, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक बसतो. गाडी पुसलेल्या अर्ध्यांत सरळ धांवली, न पुसलेल्यांत अडखळली. तिसऱ्या फेरीस पुसलेल्या भागांतही अडूं लागली, कारण चाकें तेल इकडून तिकडे नेत होतीं. आतां शंकेस जागा उरली नाहीं. उरलेले रूळ व चाकें पुसल्यावर गाडीनें वीस फेऱ्या विनातक्रार केल्या. थोरला आमच्याकडे पाहत होता, बोलत नव्हता.

त्याच रात्रीं पानें वाढलीं असतां आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं गाडी आमच्या तेलानें अडली होती, मुलाचा तिळमात्र दोष नव्हता, आणि त्याची शिक्षा रद्द आहे. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मुलानें वरणभात कालवीत विचारलें, “मोठे आजोबा, मग आतां तुम्ही एक महिना गाडीला हात नाहीं ना लावायचा?”

आमच्या कुटुंबानें तोंडास पदर लावला. बंधूंनीं ताक मागितलें.

हें लिहीत असतां आमच्या शिक्षेचे अकरा दिवस शिल्लक आहेत. गाडी धाकटा चालवितो. वाती वळण्याचें काम ओटीवर गेलें आहे, आणि रूळ पुसण्याचीं फडकीं धुवून देण्यास आम्हांस परवानगी आहे.