बंद बॉक्समधली बाहुली

‘लाबुबूत एवढं काय आहे?’ असं विचारणाऱ्याला सध्या घरातल्या घरात उत्तर मिळतं, ‘तुम्हाला नाही कळणार.’ सशासारखे उभे कान, गुबगुबीत चेहरा, हसताना दिसणारे नऊ टोकदार दात. अशी वीतभरही नसलेली बाहुली पर्सला नाहीतर दप्तराला लटकवायची, तिच्यासाठी परदेशांत लोक पहाटेपासून रांगा लावतात, आणि पैसे मोजून झाल्यावरही आपण नेमकी कोणती बाहुली घेतली हे बॉक्स फोडेपर्यंत कळत नाही. हे ज्यांना उमगत नाही ते काळाच्या मागे पडलेत, असं मला अजिबात वाटत नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र बाहुलीत शोधून सापडणार नाही, ते तिच्या विक्रीत आहे.

बाहुलीचा यात काही दोष नाही. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकारानं उत्तर युरोपातल्या लोककथांचा धागा पकडून २०१५ मध्ये मुलांसाठी चित्रपुस्तकं केली, त्यातलं हे एक खोडकर भूत. कुणाला ते गोड वाटेल, कुणाला भेसूर. आवडीनिवडीवर भांडण कशाला? एखाद्या मुलीनं ते दप्तराला लावलं म्हणून तिला नावं ठेवणाऱ्या मोठ्या माणसांशी माझं मुळीच जमत नाही.

चित्र पालटलं ते २०१९ नंतर, पॉप मार्ट या चिनी कंपनीनं हे पात्र घेतल्यावर. ही कंपनी वांग निंग यांनी २०१० मध्ये बीजिंगमध्ये सुरू केली. तिची खरी मातब्बरी खेळणी घडवण्यात नाही, ती बंद बॉक्समध्ये विकण्यात आहे. २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन पॉप गटातल्या लिसा या गायिकेनं लाबुबूबरोबरचे फोटो टाकले आणि आधी थायलंड, मग सगळी दुनिया या बाहुलीमागे लागली. त्या एका वर्षात लाबुबूच्या मालिकेनं कंपनीला ३ अब्ज युआनहून जास्त विक्री मिळवून दिली, आणि २०२५ च्या पहिल्या सहाच महिन्यांत हा आकडा ४.८ अब्जांवर गेला. मे २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या दुकानांत गिऱ्हाइकांची हाणामारीपर्यंत मजल गेली, तेव्हा कंपनीला तिथल्या दुकानांतली विक्रीच थांबवावी लागली. जूनमध्ये बीजिंगच्या लिलावात १३१ सेंटिमीटर उंचीची एक लाबुबू १० लाख ८० हजार युआनला गेली, म्हणजे आपले सव्वा कोटीच्या वर रुपये.

आता तो बॉक्स जवळून पाहा. एका मालिकेत साधारण सहा नेहमीच्या बाहुल्या असतात आणि सातवी ‘सीक्रेट’. सहाही जणींची चित्रं बॉक्सवर छापलेली असतात, सातवीची नुसती सावली. आत कोण आहे ते लिहिलेलं नसतं. म्हणून घेणारा आधी बॉक्स कानाशी नेऊन हलवतो, मग दोन हातांत दोन बॉक्स तोलून पाहतो. काही जण तर खिशात छोटा वजनकाटा घेऊन जातात. सीक्रेट बाहुलीचं प्रमाण ७२ मध्ये एक असं सांगितलं जातं. मुलं सरळ हिशेब करतात की ७२ बॉक्स घेतले म्हणजे ती मिळालीच. हा हिशेब चुकीचा आहे. सुटे ७२ बॉक्स घेणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३६ जणांना ती एकदाही मिळणार नाही. नेहमीच्या सहा बाहुल्यांचंही तसंच. त्या सारख्या प्रमाणात भरलेल्या आहेत असं धरलं, तरी एकेक बॉक्स घेत सहाही जमवायला सरासरी पंधराच्या आसपास बॉक्स लागतात, आणि त्यांतले सहा शेवटच्या एकीपायी जातात. अख्खा संच एकदम घेतला तर सहा वेगवेगळ्या निघतात, हे खरं. पण अमेरिकेत एका बॉक्सला जवळपास २८ डॉलर, म्हणजे दोन हजारांहून जास्त रुपये पडतात. खाऊच्या पैशांत संच कुठून येणार? मूल एकच बॉक्स घेतं, आणि कंपनीची खरी कमाई त्या एकानंतरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बॉक्सवर आहे.

आमच्या सोसायटीतल्या सहावीतल्या एका मुलीला वाढदिवसाला असे दोन बॉक्स मिळाले. दोन्हींतून एकच रंग निघाला. तिनं एक बाहुली परत पिशवीत घातली, बॉक्सवरच्या चित्रांवर बोट फिरवत उरलेल्या पाच मोजल्या आणि आईला विचारलं, ‘पुढचा कधी?’ हातात आलेल्या बाहुलीकडे तिचं लक्षच नव्हतं. लाबुबूबद्दल मला जे खटकतं ते सगळं या प्रश्नात आहे.

गावच्या जत्रेत सोरट असायचं. चिठ्ठी ओढायची, नशिबात कंगवा, आरसा, साबणाची वडी, आणि वर मांडून ठेवलेलं मोठं घड्याळ कधीच कुणाला लागायचं नाही. त्याच सोरटावर आजही १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली पोलिसांच्या धाडी पडतात. मॉलच्या काचेमागे हीच गोष्ट ‘कलेक्टिबल’ म्हणून सन्मानानं चालते. दोन्हींत फरक नाही असं मी म्हणत नाही. इथे प्रत्येक बॉक्समध्ये पैशाच्या बदल्यात एक बाहुली येतेच, आणि कायद्याच्या भाषेत बहुधा तेवढं पुरतं. पण दुसरा बॉक्स घ्यायला लावते ती ओढ एकच आहे, आणि ती ओढ मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर लागते.

तिचा शेवट कुठे होतो, ते चीननं २०२२ च्या सुरुवातीलाच पाहिलं. केएफसीनं ९९ युआनच्या जेवणाबरोबर पॉप मार्टच्या दुसऱ्या एका पात्राच्या बाहुल्या बंद बॉक्समध्ये द्यायला सुरुवात केली. एका गिऱ्हाइकानं बाहुल्यांसाठी एका दमात १०६ जेवणं विकत घेतली, १०,४९४ युआन मोजून. कुणी आपल्या वाटचं जेवण खायला भाड्यानं माणसं लावली. अन्न वाया चाललं, तेव्हा तिथल्या ग्राहक संघटनेनं या योजनेवर बहिष्कार घालायला सांगितलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये सरकारी नियम आले. आठ वर्षांखालच्या मुलांना बंद बॉक्स विकायचा नाही, त्याहून मोठ्या मुलांसाठी पालकांची संमती हवी, आणि कोणती वस्तू किती प्रमाणात भरली आहे ते विक्रेत्यानं आधी जाहीर करायचं. ज्या देशातून ही बाहुली आली त्या देशानं आपल्या मुलांसाठी एवढी काळजी घेतली आहे.

गर्दी झाली की ती वेडगळच असते, असंही नाही. डीमार्टचं उदाहरण घ्या. रविवारी संध्याकाळी तिथल्या बिलाच्या रांगेत पाऊण तास उभ्या राहणाऱ्या माणसाकडे पाहून अनेकांना नवल वाटतं. मलाही ती गर्दी सोसवत नाही. पण तिचं कारण फळीवर चिकटवलेलं असतं. छापील किंमत एवढी, आमची किंमत एवढी. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, जाहिरातीवर खर्च जवळजवळ नाही, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्यांच्याकडून कमी दरानं माल, असा तो हिशेब आहे. तुरीच्या डाळीवर वाचणारे पैसे महिन्याच्या बजेटला लागतात. रांगेत उभं राहायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ठरवायला लागणारी माहिती त्याच्यापुढे असते. लाबुबूच्या रांगेत नेमकी तीच त्याच्यापासून दडवलेली असते.

आणि या बाहुलीचं मोल टंचाईवर किती अवलंबून आहे, हे बाजारानंच दाखवून दिलं. जून २०२५ मध्ये कंपनीनं मोठा नवा साठा खुला केला आणि चीनमध्ये पुनर्विक्रीचे भाव भराभर उतरले. बाहुली तीच, दात तेच. फक्त ती आता मिळू लागली होती.

‘हौसेला मोल नसतं, पोस्टाची तिकिटं जमवणारेही पैसे घालवतातच की,’ असा युक्तिवाद होतो. हौसेबद्दल मला आदर आहे. पण तिकिटं जमवणारा आपण कोणतं तिकीट, कोणत्या सालचं, केवढ्याला घेतो आहोत हे पाहून घेतो. ते ज्ञान हाच त्याचा आनंद असतो. कमावत्या माणसानं सगळं माहीत असून बंद बॉक्स घेतला तर तो त्याचा प्रश्न. शाळकरी मुलाची गोष्ट वेगळी. खुद्द कंपनीच या वस्तूवर ‘१५ वर्षांवरील’ असं लिहिते, आणि ती लटकते पाचवी-सहावीच्या दप्तरांना. रस्त्यावर मिळणाऱ्या नकला, ज्यांना ‘लाफुफू’ म्हणतात, त्या तर आणखी लहान मुलांच्या हातात जातात. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेवढं तरी घेताना तपासावं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्यामागची चिंताही तरुण पोरांच्या उधळलेल्या पैशांचीच होती. मग दुकानातल्या या नशिबाच्या विक्रीकडे कुणाचं लक्ष नसावं, हे पटत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तीन गोष्टी करायला हव्यात. प्रत्येक बंद बॉक्सवर कोणती वस्तू किती प्रमाणात आहे ते ठळक छापणं सक्तीचं करावं, मुलांना पालकांशिवाय विक्री थांबवावी, आणि ‘सीक्रेट’चं आमिष दाखवणाऱ्या, मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांवर घासून पाहाव्यात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांना एकत्र येऊन डोळसपणे खरेदी करायला शिकवते आहे. हा विषय तिनं हाती घेतला तर त्याला वजन येईल.

पॉप मार्टला हे जड जाण्याचं कारण नाही. मोठ्या आकाराच्या काही लाबुबू ती कंपनी आजही नाव, चित्र आणि किंमत दाखवून उघड विकते, आणि लोक त्याही घेतात.