निवड झाली, मैदान कुठे?

फुटबॉलसाठी साठ गुणी मुले-मुली निवडून सरकारचे काम संपत नाही. महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांत लोकांचे क्लब उभे राहिले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडेवर मेस्सीच्या साक्षीने राज्य सरकारच्या ‘महादेवा’ फुटबॉल प्रकल्पातील १३ वर्षांखालील ही मुले झळकली. न निवडलेल्यांचे काय? पोलादपूरच्या वाडीतला मुलगा शाळा संपली की मुंबईची एसटी धरतो. त्याला गावात संघ, शिस्त आणि विचारपूस करणारा प्रशिक्षक देण्याचे काम क्लबच करू शकतो. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ने वस्तीतल्या मुलांसाठी नेमके हेच केले. बारसे यांच्या कामावरच्या ‘झुंड’ चित्रपटाला टाळ्या वाजवून आपण मोकळे झालो.

कबड्डीच्या मातीत फुटबॉल कशाला, हा प्रश्न फिजूल आहे. दोन्ही खेळांना जागाच लागते.

महाड औद्योगिक वसाहतीतील पात्र कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यातून प्रशिक्षकांचे मानधन द्यावे. आणि सावित्री नदीच्या पुराने जुलै २०२१ मध्ये महाडचे काय केले ते आठवून, जिल्हा प्रशासनाने मैदानासाठी पूररेषेबाहेरची जागा पावसाळ्यापूर्वी निश्चित करावी.