हलक्या रायफलीचा जाच

बुटक्या माणसाला, बाईला किंवा बारा वर्षांच्या पोराला पहिली रायफल घ्यायची असली, की अमेरिकेतल्या दुकानात काउंटरपलीकडचा माणूस तिच्या वजनाबद्दल बोलू लागतो आणि सगळ्यांत हलकी रायफल हातात ठेवतो. माझी उंची पाच फूट. विस्कॉन्सिनमध्ये दर हंगामाआधी कोणी ना कोणी मला हा सल्ला देतंच. देणाऱ्याला वाटतं आपण काळजी घेतोय. (शिकार मुळात करावी का, हा वाद मोठा आहे आणि तो जरूर घाला. पण जो करणारच आहे, त्याच्या हातात काय द्यायचं, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.)

गणित शाळेतलं आहे. गोळी पुढे जाते, रायफल मागे येते. काडतूस तेच ठेवून आठ पौंडांची रायफल सहा पौंडांची केली, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे ज्याचा खांदा सगळ्यांत लहान, त्यालाच सगळ्यांत जोराचा दणका! सहा फुटी गडी तो सोसून वर हसतोही. नवशिक्याचं शरीर मात्र दोन-चार बारांत शहाणं होतं. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी हलते. मग फुप्फुसांवर धरलेला नेम पोटावर जातो. पोटात गोळी लागलेलं हरीण तासन् तास मरत राहतं, आणि पुष्कळदा सापडतही नाही. शिकारी दुखरा खांदा चोळत घरी जातो आणि 'हे आपलं काम नव्हे' असं ठरवून टाकतो. काउंटरवरच्या त्या काळजीची किंमत ही अशी दोघं मोजतात.

वजनाची म्हणून जी तक्रार असते, ती बहुतेकदा मापाची असते. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर नेहमीच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. आखूड हातांना ते जास्त होतं. मग मान पुढे ताणायची, कंबर मागे टाकायची, आणि सगळं वजन अंगापासून लांब लोंबकळत ठेवायचं. असं धरलं तर पाण्याची कळशीसुद्धा जड होईल. दस्ता बारा-साडेबारा इंचांचा करा, तीच रायफल अंगाशी येते आणि स्थिर राहते. दुर्बीणही त्या मापाने पुन्हा बसवायची, नाहीतर ती भुवई फोडते. हे काम अर्ध्या तासाचं आहे. पण गुलाबी रंगाचा दस्ता दाखवण्यापेक्षा कटकटीचं.

कमी करायचंच असेल तर काडतूस सौम्य करा. १९५५ साली आलेलं .२४३ विंचेस्टर घ्या. सारख्याच वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या साधारण निम्मा असतो, आणि इथल्या व्हाइटटेल हरणाला ते पुरेसं आहे. 'बायकी काडतूस' म्हणून नाक मुरडणारे भेटतातच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला जी .२७५ रिग्बी बक्षीस मिळाली, तिचं काडतूस म्हणजे सौम्य म्हणून ओळखलं जाणारं ७ बाय ५७ माउझर. जॅक ओकॉनर हा बंदुकांवर लिहिणारा नामांकित अमेरिकन लेखक. त्याची बायको एलेनॉर हिचंही आवडतं काडतूस तेच, आणि तिच्या नेमबाजीला हसायची कोणाची टाप नव्हती.

कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्कमागे दिवसभर चढणाऱ्याला प्रत्येक औंस जाणवतो, हे खरंच. पण तो मुरलेला शिकारी असतो, आणि दिवसभरात एखादाच बार टाकतो. विस्कॉन्सिनमध्ये आम्ही बहुतेक जण झाडावरच्या मचाणात थंडीने कुडकुडत बसून असतो. तिथे दोन पौंड जास्त असले तर बिघडतं कुणाचं? उलट गारठलेल्या हातांत जड नळी कमी थरथरते.

नवशिक्याला रायफल झेपते की नाही, ते दुकानात उचलून कळत नाही. रेंजवर न्या. कानांत बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही घाला, कारण माणूस धक्क्याइतकाच आवाजालाही दचकतो. मग सोबत्याने त्याच्या नकळत कधी खरं, तर कधी सरावाचं पोकळ काडतूस भरावं. पोकळ काडतुसावर चाप ओढताना नळी खाली झुकली, तर ती रायफल दुकानात परत करा, कितीही हलकी असली तरी.