विकत घेतलं, पण विकता येत नाही

परवा भाचा बेंगळुरूहून आला होता. नोकरी लागून दीड वर्ष झालं. आता खोली बदलायची आहे, डिपॉझिटला पैसे कमी पडतात, म्हणून ताईच्या घरी पडलेला आपला जुना पसारा त्यानं विकायला काढला. सायकल गेली. गिटार गेली (ती वाजलेली मी कधी ऐकली नाही). प्लेस्टेशनच्या नऊ डिस्क होत्या, त्या म्हापशाचा एक मुलगा तासाभरात येऊन रोख पैसे देऊन घेऊन गेला. मग स्वारी लॅपटॉप उघडून बसली.

"मामा, हे बघ. ह्यात साठ-सत्तर गेम आहेत. कॉलेजात असल्यापासून एकेक करून घेतलेले. वीस-बावीस हजार तरी गेले असतील. पण ह्यातला एकही विकता येत नाही."

"का?"

"अकाउंटवर आहेत ना!"

त्याला ह्यात काही विशेष वाटलं नाही. पाऊस पडतो तसं हेही. मला मात्र दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. तेव्हा हाच मुलगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला होता.

नववीत होता. चवथीला मिळालेले पैसे साठवून त्यानं वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून मोटारींच्या शर्यतीचा एक गेम चारशे रुपयांना घेतला. नकली सीडी नव्हे, चांगली छापील खोक्यातली अस्सल डीव्हीडी. घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये घातली तर कॉम्प्युटर म्हणतो, अकाउंट उघडा आणि खोक्यातला क्रमांक टाका. टाकला. उत्तर आलं, हा क्रमांक आधीच वापरला गेला आहे. झालं! मोठ्या मुलानं तो गेम आपल्या नावावर आधीच नोंदवला होता. त्यानं फसवलं नव्हतं, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. आपण खेळून झालेली वस्तू दुसऱ्याला दिली, एवढंच त्याच्या डोक्यात.

घरात कागद वाचायची सवय असलेला माणूस मी, म्हणून खोकं माझ्याकडे आलं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. तरी कंपनीला ईमेल पाठवली. अतिशय सभ्य उत्तर आलं: क्रमांक एका अकाउंटवरून दुसऱ्यावर नेता येत नाही, कृपया नवीन प्रत घ्यावी. कचेरीत मीही लोकांना अशीच सभ्य उत्तरं लिहितो, त्यामुळे त्याचा अर्थ मला लगेच कळला.

मी आर्ट्सचा विद्यार्थी. बी.ए.ची निम्मी पुस्तकं मी वरच्या वर्गातल्या मुलांकडून घेतली आणि वर्ष संपल्यावर खालच्या वर्गातल्या मुलांना विकली. पहिल्या पानावर तीन-तीन नावं असायची, आधीची दोन खोडलेली. ती खोडलेली नावं म्हणजे त्या पुस्तकाचा सात-बाराच. पुस्तक लिहिणाऱ्याचं ह्यात नुकसान झालं असं कुणाला वाटलं नाही. पुस्तक छापून पुन्हा विकायचा हक्क त्याचा; हातातली एक प्रत मात्र माझी.

हा साधा वाटणारा विचारही एकदा कोर्टात जाऊन सिद्ध करावा लागला होता. अमेरिकेत एका प्रकाशकानं आपल्या कादंबरीत छापलं, ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकण्याची परवानगी नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानानं ती ८९ सेंटना विकली. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रकाशकानं प्रत एकदा विकली की पुढे तिचं काय होईल हे ठरवायचा त्याचा हक्क संपला. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं चौदावं कलम पुस्तकांच्या बाबतीत हेच मानतं: एकदा विकलेली प्रत ही वितरणात आलेली प्रत. रस्त्यावरचे जुन्या पुस्तकांचे ढीग कायद्याच्या ह्याच आधारावर उभे आहेत.

मग खेळांच्या बाबतीत काय बिघडलं?

नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' हा खेळ आला. दुकानात खोकं मिळायचं, खोक्यात डिस्क असायची. पण चालवायची तर व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' सेवेवर अकाउंट उघडून खेळ त्याला जोडावा लागायचा. एकदा जोडला की कायमचा, आणि अकाउंट दुसऱ्याला द्यायला मनाई. जर्मनीतल्या ग्राहक संघटनांच्या महासंघानं ह्या मनाईविरुद्ध दावा लावला. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं तो फेटाळला. थोडक्यात निकाल असा: डिस्क विकायला तुम्ही मोकळे आहात. अकाउंटशिवाय ती विकत घ्यायला कुणी येणार नाही हे खरं, पण त्यानं तुमचा कायद्यातला हक्क बुडत नाही.

वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्या भाच्याचाच खटला की हो! घोडा विकायला परवानगी आहे, फक्त पाय मालकाकडे राहतील.

पुढे २०१२ साली युरोपच्या न्यायालयानं ओरॅकल कंपनीच्या सॉफ्टवेअरबद्दल उलट वाटणारा निकाल दिला. एकरकमी पैसे घेऊन कायमच्या वापरासाठी दिलेलं सॉफ्टवेअर म्हणजे विक्रीच, मग ते डिस्कवर दिलेलं असो की इंटरनेटवरून उतरवलेलं. आणि विक्री झाली म्हणजे पुढे विकायचा हक्कही आला. अट एकच, विकणाऱ्यानं आपली प्रत निकामी करायची. ह्या निकालाच्या बळावर फ्रान्सच्या 'यूएफसी-क्यू शुआझीर' ह्या ग्राहक संघटनेनं २०१५ च्या डिसेंबरात व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं ग्राहकांच्या बाजूनं कौल दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात तो उलटला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अपिलाचाच निकाल कायम केला. खेळ म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे. त्यात चित्रं, संगीत, कथा सगळं येतं, तेव्हा ओरॅकलचा नियम इथं लागू नाही.

म्हणजे गंमत बघा. खेळ ही कला आहे असं मान्य व्हावं म्हणून खेळणारे इतकी वर्षं भांडले. कोर्टानं ते मान्य केलं, आणि त्याच कारणानं त्यांचा विकायचा हक्क गेला.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. माझं जुनं पुस्तक पिवळं पडतं, कोपरे दुमडतात, मागच्या मालकानं पेन्सिलीनं खुणा केलेल्या असतात. म्हणून नवं पुस्तक खपतं. खेळाची उतरवलेली प्रत दहा वर्षांनीही पहिल्या दिवसासारखीच कोरी. ती निम्म्या किमतीत मिळाली तर नवी कोण घेईल? पॅरिसच्या अपील न्यायालयानंही साधारण असाच विचार केला होता, आणि तो चुकीचा म्हणवत नाही. शिवाय ही कुलपं आली ती नकलेला आळा घालायला. रस्त्यावर पन्नास रुपयांना मिळणाऱ्या सीड्या आपल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आणि भाचाच सांगतो की सेलमध्ये हे खेळ इतके स्वस्त होतात की जुनी डिस्क शोधत फिरायची गरजच उरत नाही.

सगळं मान्य. पण कुलूप चोरासाठी लावलं होतं, दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी नव्हे. आणि 'हे तांत्रिकदृष्ट्या जमत नाही' असं तर कुणी सांगूच नये. 'निन्टेन्डो'नं २०२५ मध्ये एक सोय आणली: अकाउंटवरचा खेळ घरच्या माणसाला दोन आठवडे उसना देता येतो. तेवढे दिवस तो आपल्याकडे चालत नाही, मुदत संपली की आपोआप परत येतो. माझ्याकडून गेलं, तुझ्याकडे आलं, हे यंत्राला कळतं तर! मग दोन आठवड्यांऐवजी कायमचं का नाही? विकलेला खेळ मूळ अकाउंटवरून पुसावा, खेळ बाजारात आल्यावर वर्ष-दोन वर्षं विक्री बंद ठेवावी, प्रत्येक विक्रीत बनवणाऱ्याला थोडा वाटा द्यावा. जुन्या पुस्तकात लेखकाला छदामही मिळत नाही. इथं तो देणं सहज शक्य आहे. इच्छा नाही, एवढंच.

लोकांनी आवाज केला की इच्छा होते, हेही एकदा दिसलं आहे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वनच्या डिस्क अकाउंटला बांधायचं ठरवलं होतं. जुन्या डिस्कची विक्री फक्त ठरावीक दुकानांतून. इतका गदारोळ झाला की १९ जूनला त्यांना माघार घ्यावी लागली. त्याआधी थोडेच दिवस सोनीनं एक छोटासा व्हिडिओ काढला होता, 'आमच्या यंत्रावर खेळ मित्राला कसा द्यायचा'. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात खोकं देतो आणि दुसरा थँक्यू म्हणतो. संपलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पुढे २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी डिस्क घालायची खाचच नसलेली यंत्रंही बाजारात आणली. पुढच्या दारानं गेलेला पाहुणा मागच्या दारानं परत आला.

मला ह्यातली सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मे २०२४ मध्ये बातमी आली होती की स्टीमचं अकाउंट मृत्युपत्रानंही कुणाच्या नावे करता येत नाही, असं कंपनीच्या मदत विभागानं एका ग्राहकाला कळवलं. आपल्या गोव्यात माणूस गेला की इन्व्हेंटरी होते. पोर्तुगीज काळापासूनची पद्धत, आता २०१२ च्या वारसा कायद्यात आलेली. घरदार, भाट, दागिने आणि जंगम मालमत्ता ह्यांची यादी व्हायची आणि वारसांत वाटणी व्हायची. आजोबा गेले तेव्हाच्या आमच्या यादीत तांब्याची भांडी आणि एक मोडकी आरामखुर्चीसुद्धा होती. खुर्चीवरून दोन काकांचं वाजलंही. पण भांडण झालं ह्याचा अर्थच असा की खुर्ची आजोबांची होती.

भाच्याच्या वीस-बावीस हजारांचं नाव अशा कुठल्या यादीत लिहायचं?

आपल्या भाषेत घेण्याला 'विकत घेणं' म्हणतात. त्या शब्दाच्या पोटातच विकणं आहे. आज तू विकतोस, मी घेतो; उद्या मी विकेन. जे पुढे विकता येत नाही, देता येत नाही, मागे ठेवता येत नाही, ते विकत घेतलेलं नव्हे, ते भाड्यानं घेतलेलं. भाड्याला माझा विरोध नाही. पण भाडं असेल तर पावतीवर भाडं लिहा आणि किंमतही भाड्याचीच लावा. कॅलिफोर्नियानं ह्यातलं निम्मं केलं आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथं, हे फक्त लायसन्स आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा मालाला 'खरेदी' हा शब्द लावता येत नाही. कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ पासून, स्टीमच्या पैसे भरायच्या पानावर तशी एक ओळ आली. हक्क मिळाला नाही, पण निदान खरं बोलणं तरी सुरू झालं. आपल्याकडे एवढं करायला कोणती अडचण आहे? एक ओळ, मराठीत, मुंगीएवढ्या नव्हे तर वाचता येईल अशा अक्षरांत.

जाताना भाच्यानं विचारलं, "मामा, धाकट्याला पासवर्ड देऊन टाकू? मी आता कुठं खेळतो!" नियमाप्रमाणे तेही चालत नाही. सख्ख्या भावाला आपली जुनी वस्तू द्यायची तर चोरून द्यावी लागते, ह्याला काय म्हणावं? मी सरकारी नोकर. मी काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

असो. मोटारींच्या शर्यतीचं ते खोकं अजून माझ्या कपाटात आहे. भाच्यानं रागानं टाकून दिलं होतं, मी उचलून ठेवलं. डीव्हीडीवर एक ओरखडा नाही. जर्मन न्यायाधीशांचं ऐकायचं तर ती आजही कुणालाही विकायला मी अगदी मोकळा आहे.