एको विकणे आहे

इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागलेल्या प्रत्येकाला वर्षभरात एक प्रश्न पडतोच: डिले प्लग-इन कोणतं घेऊ? उत्तरं द्यायला लोक टपलेलेच असतात. हे 'वॉर्म' आहे, ते 'कोरडं' आहे, तिसऱ्यात म्हणे ॲनालॉगचा आत्मा आहे. माझं उत्तर आहे, कोणतंच घेऊ नका. तुमच्या सॉफ्टवेअरसोबत आलेलं पुरे आहे. हे मी पैसे वाचावेत म्हणून सांगत नाही, गाणं सुधारावं म्हणून सांगतोय.

डिले म्हणजे काय? गणपतीच्या मांडवात माइकवर कुणी 'हॅलो, चेक' म्हणतं आणि मागून 'चेक... चेक... चेक' येतं, तेच. कोडमध्ये तर ते आणखी साधं आहे. आवाजाचे आकडे एका गोल रांगेत भरायचे, ठरावीक वेळाने वाचायचे आणि त्यांचा काही भाग पुन्हा रांगेत ढकलायचा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरली, तर अर्ध्या सेकंदाचा डिले म्हणजे २२,०५० आकड्यांची रांग. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं हे एका संध्याकाळी लिहून मोकळी होतील.

मग महागड्या प्लग-इनमध्ये विकतात काय? बहुतेक वेळा जुन्या यंत्रांच्या खोटी. रोलँडच्या १९७४च्या स्पेस एकोमध्ये टेपचं वेटोळं फिरायचं. टेप किंचित डगमगायची आणि प्रत्येक आवर्तनात आवाजाची धार कमी व्हायची. फिलिप्समध्ये १९६९ साली पुढे आलेल्या 'बकेट ब्रिगेड' चिपमध्ये सिग्नल एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे जायचा, आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात तसा. क्लॉकचा गोंगाट दाबायला फिल्टर लावावे लागत आणि त्यात वरच्या फ्रीक्वेन्सी कापल्या जात. ज्या खोटी घालवायला तेव्हाचे इंजिनिअर झटले, त्याच आज 'कॅरेक्टर' या नावाने डॉलरमध्ये मिळतात.

या खोटी कानाला गोड लागतात, हे मान्य. पण का लागतात? प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा मंद झालं की ते मूळ आवाजाच्या अंगावर येत नाही. गाणारा पुढे राहतो, प्रतिध्वनी मागे सरकतो. एवढं समजलं की उरतं फिल्टर फिरवणं. एफएल स्टुडिओच्या फ्रूटी डिले ३मध्ये फिल्टर आणि डिस्टॉर्शन दोन्ही आहेत. एबलटन लाइव्हच्या साध्या डिलेमध्ये फिल्टर आणि मॉड्युलेशन आहे.

पटत नसेल तर तपासा. एकाच ट्रॅकच्या दोन प्रती करा. एकीवर फुकटचा डिले, दुसरीवर महागड्याचा डेमो लावा. वेळ, फीडबॅक, लेव्हल तंतोतंत सारखी ठेवा, एकीची पोलॅरिटी उलटवा आणि दोन्ही एकत्र वाजवा. सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकेल. जे ऐकू येईल, तेवढ्याचेच पैसे तुम्ही देणार आहात. साध्या डिजिटल डिलेंमध्ये बहुधा जवळपास शांतता उरते. टेपची नक्कल असेल तर काहीतरी उरेलच. ते तुमच्या गाण्याला खरंच हवं असेल, तर खुशाल विकत घ्या. निदान आपण काय घेतोय हे तरी माहीत असेल.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: 'चांगल्या प्रीसेटने वेळ वाचतो.' वाचतो ना, पण ज्याने प्रीसेट बनवला त्याला तुमच्या गाण्याचा टेम्पो ठाऊक नव्हता. ६०,०००ला बीपीएमने भागा, एका बीटचे मिलिसेकंद मिळतील. १२०ला ५०० मिलिसेकंद, डॉटेड आठव्याला ३७५. फीडबॅक ५० टक्के असेल तर प्रत्येक आवर्तन ६ डेसिबलने उतरतं आणि दहा आवर्तनांत ६० डेसिबल जातात. म्हणजे १२०च्या गाण्यात एका बीटच्या डिलेची शेपटी पाच सेकंद, अडीच बार लोळते. तुमचा कोरस चिखल का वाटतो याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. नवीन प्लग-इनने तो चिखल महाग होतो, इतकंच.

सत्तरच्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबीने डब संगीताला आकार दिला. तो मुळात इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा माणूस. मोजक्या चॅनेलच्या मिक्सरवर बसून तो गाण्यातला एखादाच शब्द किंवा स्नेअरचा एकच ठोका एकोकडे पाठवायचा आणि बाकीचं बंद करून टाकायचा. कोणता शब्द पाठवायचा आणि कधी, हे त्याच्या कानाने ठरवलेलं असायचं. आज तेच काम सेंडच्या ऑटोमेशनने होतं आणि ते प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये फुकट आहे.

म्हणूनच ही खरेदी मला खटकते. पन्नास-शंभर डॉलर म्हणजे कित्येकांचं महिन्याचं मेसचं बिल, आणि त्या पैशात आपण विकत घेतो ती फक्त निर्णय पुढे ढकलायची सोय. नवा डिले आला की चार दिवस प्रीसेट चाळण्यात जातात आणि आठ बारचा लूप आठ बारचाच राहतो. त्यापेक्षा यादीतला सगळ्यात साधा डिले उघडा, बाकीचे महिनाभर लपवून ठेवा आणि अर्धवट पडलेलं एक गाणं शेवटच्या बारपर्यंत न्या. नंतरही काही कमी वाटलं, तर निदान नेमकं काय कमी आहे ते तुम्हाला सांगता येईल.